मोठ्या मायचं नाव: तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जाण्याआधीची तयारी

माझ्या आजोबांच्या आईचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला ‘मोठी माय’ म्हणत आणि ती गेल्यावर तेवढंच मागे राहिलं. वंशावळीच्या कागदावर पणजोबांचं नाव आहे, त्यांच्या वडिलांचं आहे, त्यांच्याही वडिलांचं आहे. बाई एकही नाही. हे मला फार वर्षं खुपत होतं. शेवटी गेल्या साली मनावर घेतलं आणि आखाजी ते घटस्थापना या काळात त्या नावापर्यंत पोचले. त्यातला बहुतेक वेळ तयारीत गेला, प्रत्यक्ष अभिलेख कक्षात फार थोडा. पण तयारी नसती तर तिथून मी हात हलवत परत आले असते, याची खात्री आहे. असा शोध घ्यायची इच्छा पुष्कळांना असते, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

गावाचं आणि तालुक्याचं नाव देत नाही. कागद जमिनीचे आहेत आणि त्या जमिनी आज चुलतभावांच्या नावावर आहेत. एवढं सांगते की गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी आहे आणि आम्ही आता अमळनेरला असतो.

सुरुवात घरातूनच केली. ३० एप्रिल २०२५ ला अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, घागर भरतात, पितरांच्या नावानं आगारी, म्हणजे विस्तवावर नैवेद्य, टाकतात. घागर भरताना भाऊ नावं घेतो: बाप, आजा, पणजा. वर्षातून एकदाच ही नावं घरात मोठ्यानं उच्चारली जातात, म्हणून वही घेऊन मी त्याच दिवशी बसले. मोठी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सांजोऱ्या, रस, सगळं आटोपल्यावर ती ओट्यावर टेकली आणि मी विचारलं. ती म्हणाली, “मानमोडीमा आबाना बाप गया. मोठी मायनीच समदं सांभाळं.” आबा म्हणजे माझे आजोबा. मी नाव विचारलं. “नाव ठाऊक नई बाई. समदा मोठी मायच म्हनेत.”

हे बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. रात्री परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं की नाव मिळालं नसलं तरी साल मिळालं आहे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई इलाख्यात तिनं त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटाला, सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यात जास्त माणसं नेली. म्हाताऱ्या माणसांना सन विचारून उपयोग नसतो, पण ‘छपन्याच्या काळात’, ‘प्लेगात गाव सोडलं तेव्हा’, ‘मानमोडीत’ हे ती अचूक सांगतात. छपन्या म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. आपल्या माणसांच्या आठवणींतली अशी खूण आधी सनात बसवून घ्या.

कारण अभिलेख कक्षात आडनावानं काही लावलेलं नसतं. तिथले कागद गावावार, प्रकारवार आणि सालवार बांधून ठेवलेले असतात. ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असं म्हणणाऱ्या माणसाला तिथला कर्मचारी इच्छा असूनही मदत करू शकत नाही. ‘अमुक गाव, गाव नमुना नंबर चौदा (म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद), साल १९१८’ असं म्हटलं की तो उठून कपाटाकडे जातो. माझी पुढची सगळी तयारी ही तीन उत्तरं मिळवण्याची होती. माणसाचं नाव त्यानंतर येतं. शिवाय जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतंच. ‘रामा वल्द गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, अशी नोंद असते, पुढं ‘पाटील’ असेल तर ते आडनाव की गावच्या पाटीलकीचा हुद्दा हे संदर्भानं ठरवावं लागतं. बाईचं नाव असेल तर ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लावून नवऱ्याचं नाव येतं. हे शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

मे महिन्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्यात शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, एक फाटका पंचांग आणि घडीवर विरलेला एक मोडी दस्त निघाला. दस्तावर वरच्या बाजूला शके १८३३ एवढं वाचता आलं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, चैत्राच्या आधीचे महिने असतील तर ७९. म्हणजे १९११-१२. पेटीतले कागद उलगडायची घाई करू नका. मी दस्त तसाच वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, घडी जेवढी आपसूक उघडली तेवढाच फोटो काढला. चिकटपट्टी अजिबात लावली नाही, ती काही वर्षांनी पिवळी पडून अक्षरासकट कागद खाते.

याच सुमारास भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली की ही जुने कागद का उकरते आहे. जमिनीचा हिस्सा मागणार असेल, असं एकानं माझ्या भावाला विचारलंही. मला वाईट वाटलं, पण त्याचं विचारणं गैर नव्हतं. आपल्याकडे जुने कागद माणूस वाद असल्याशिवाय काढत नाही. मी स्वतः गावी जाऊन थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या पाया पडले आणि सांगितलं, तात्या, मला फक्त मोठ्या मायचं नाव हवं आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन आजच्या सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन आले, “घे, गट नंबर लागेल तुला.” हे काम पहिल्यांदा करणाऱ्यानं अर्ज देण्याआधी भाऊबंदांशी बोलून घ्यावं. नंतर बोललेलं कुणी खरं मानत नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, आधारकार्डाची प्रत जोडली आणि आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा मागितला. जुनं रजिस्टर लोकल बोर्डाच्या काळातलं. त्यात आजोबांचं, आबांचं नाव मिळालं. जन्म १९१०, शाळेत दाखल १९१७. आत्या म्हणाली होती की बाप गेला तेव्हा आबा नुकते शाळेत जायला लागले होते. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि १९१८ या सालावर माझा भरवसा बसला.

आता प्रश्न होता की त्या सालचे कागद कुठल्या कचेरीत असतील. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. पुढं त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तालुक्यांचंही तसंच. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये विरदेल, पिंपळनेर, नशिराबाद, सावदा हे तालुके आहेत. आजचे शिंदखेडा, साक्री, रावेर त्या यादीत शोधून मिळणार नाहीत. आपलं गाव त्या त्या सालात कुठल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं हे आधी लिहून काढा. १९१८ मध्ये माझं गाव पश्चिम खानदेशात होतं आणि तालुका आजचाच होता, म्हणून एका कचेरीतच काम होणार होतं. गाव तालुका बदलून गेलं असेल तर दोन कचेऱ्यांत विचारावं लागतं.

जमिनीच्या नंबरांचा गुंता जुलैत सोडवला. सातबाऱ्यावर आज गट नंबर असतो. १९१९ च्या कागदात गट नंबर कसा असेल? तेव्हा सर्व्हे नंबर होते. १९४७ च्या कायद्यानं तुकडेजोड म्हणजे एकत्रीकरण योजना आली, त्यानंतर जिथं जिथं ती राबवली गेली तिथं सर्व्हे नंबरांचे गट झाले. कुठल्या सर्व्हे नंबराचा कुठला गट झाला याचा उतारा भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो, लोक त्याला ‘नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा’ म्हणतात. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, थोडी नक्कल फी, आणि वाट पाहणं. ज्या टेबलावर काम होतं तिथला माणूस कधी मोजणीला गेलेला, कधी बैठकीला. त्यामुळे जुलैचा बराच भाग त्यातच गेला. शेवटी उतारा हातात आला आणि त्यातला एक सर्व्हे नंबर आमच्या मोडी दस्ताच्या घडीवर अर्धवट दिसणाऱ्या आकड्याशी जुळला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘आपले अभिलेख’ हे शासनाचं संकेतस्थळ मी याआधीच पाहायला हवं असं कुणी म्हणेल, पण सर्व्हे नंबर हातात आल्यावर पाहिलं तेच बरं झालं, कारण तिथं शोध गावावर आणि नंबरावरच चालतो. स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) तिथं घरबसल्या पाहता येतात आणि अगदी सुरुवातीला ज्या सात जिल्ह्यांचे कागद चढवले त्यांत धुळे होता. माझ्या गावचे पुढच्या काळातले फेरफार दिसले, मला हवं होतं ते सुरुवातीचं बुक दिसलं नाही. तरीही त्याचा फायदा झाला. फेरफाराचं पान कसं असतं ते डोळ्याखालून गेलं: डावीकडे नोंदीचा अनुक्रम नंबर, मधे हक्काचं स्वरूप, मग सर्व्हे नंबर, उजवीकडे तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. म्हणजे १९१८ मधल्या मृत्यूनंतरची वारस नोंद फेरफारात असायला हवी, आणि वारस नोंद हाच एक कागद असा की ज्यात बाईचं नाव येण्याची आशा. त्या आशेवरच सगळं चाललं होतं.

राहिली मोडी. त्या काळातले महसुली कागद मोडीत. पुराभिलेख संचालनालयाच्या वतीनं मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, परीक्षाही होते. मला तारखा जमल्या नाहीत. अमळनेरला एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात असं कळलं, त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, सगळी मोडी शिकायला बसू नका. तुमच्या गावाचं नाव, पणजोबांचं नाव, आजोबांचं नाव, ‘मयत’, ‘वारस’, ‘अज्ञान’, ‘सर्व्हे नंबर’ आणि आकडे, एवढं रोज लिहा.” ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेलं मूल. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण मारून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं न थांबता लिहीत जातात. दोन शब्दांत अंतर नसतं, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पाहणाऱ्याला ती एक लांब दोरी वाटते. पण तेच आठ-दहा शब्द रोज गिरवले की दोरीत गाठी दिसू लागतात. छापील बाराखडीपेक्षा खरा हाताचा कागद पाहणं गरजेचं, म्हणून धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळातही जाऊन आले. १९२७ साली स्थापन झालेली ही संस्था, राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद जपणारी. ज्या माणसानं खेडोपाडी पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं वाचवली त्याच्या नावाच्या वास्तूत उभं राहिल्यावर माझ्या पत्र्याच्या पेटीची किंमत मला नव्यानं कळली.

१८ ऑगस्टला, सोमवारी, तहसील कचेरीत अर्ज दिला. अर्जात गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, दोन प्रकारचे कागद (गाव नमुना नंबर चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि फेरफार नोंदवही), साल १९१८ ते १९२०, जुना सर्व्हे नंबर, आताचा गट नंबर आणि कारण लिहिलं. सोबत आधारकार्ड, आजोबांचा उतारा आणि हातानं काढलेली वंशावळ जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ही पोच प्रत्येक खेपेला दाखवावी लागते, तिची झेरॉक्स करून ठेवा. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी पाहिल्याबरोबर विचारलं, “जात पडताळणीचं आहे ना?” गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधायला इतकी माणसं आली आहेत की दुसरं कारण त्यांच्या डोक्यात येत नाही. मी म्हटलं, नाही भाऊ, आमच्या आजोबांच्या आईचं नाव शोधते आहे. त्यांनी मान वर करून पाहिलं, अर्जावर काहीतरी खूण केली आणि म्हणाले, गणपती जाऊ द्या, मग या.

९ सप्टेंबरला सकाळच्या एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सगळ्या खेपा परवडल्या. पिशवीत वही, पेन्सिल, भिंग, गळाभर रुमाल, मास्क, पाणी, भाकरी आणि गुरुजींनी लिहून दिलेला आठ-दहा मोडी शब्दांचा कागद. पेन मुद्दाम घेतलं नाही, जुन्या कागदाजवळ शाई नकोच. शासकीय कचेऱ्या शनिवारी-रविवारी बंद आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा, पण रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांकडे इतरही कामं असतात, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी काम होईल अशा बेतानं जावं.

खोलीत लाल कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत होते. रेकॉर्ड पाहणाऱ्या दादांनी माझी पोच वाचली, शिडी लावली आणि आमच्या गावचा बस्ता खाली आणला. आधी चौदा नंबर उघडला. फोटो काढायचा नाही, पान त्यांनीच उलटायचं, मी शेजारी बसून पाहायचं, असं ठरलं. १९१८ चे पहिले महिने विरळ होते. भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला पानं भरून आली. एकाखाली एक नोंदी, मरणाच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, त्याखाली परत ‘ताप’. लिहिणाऱ्याचं अक्षर पुढं पुढं वाकडं होत गेलेलं. एवढ्याशा गावात इतकी माणसं. दादाही पानं उलटायचे थांबले.

पणजोबांचं नाव मला दिसलं तेव्हा मी ते आधी ओळखलं आणि मग वाचलं, रोज गिरवलं होतं ना. वय ३२. कारण ताप. आणि त्यांच्या वरची नोंद, चार दिवस आधीची, एका मुलीची होती, वय २, बापाचं नाव तेच. ही मुलगी आमच्या कुठल्याच वंशावळीत नाही. आत्यालाही माहीत नव्हती. मी पेन्सिलनं दोन्ही नोंदी उतरवून घेतल्या आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

फेरफाराचं बुक जेवणानंतर निघालं. सर्व्हे नंबराच्या रकान्यावर बोट ठेवून खाली येत गेले आणि १९१९ मधल्या एका नोंदीपाशी थांबले. मधल्या रकान्यात तीन ओळी. पणजोबांचं नाव, ‘मयत’, ‘वारस’, मग आजोबांचं नाव, ‘अज्ञान’, त्यापुढं ‘पालनकर्ती आई’ आणि मग दोन अक्षरं, ‘कोम’, आणि पुन्हा पणजोबांचं नाव. शेवटी ‘वर्दी दिली सबब नोंद’, म्हणजे खबर दिली म्हणून नोंद. ती दोन अक्षरं मला वाचता येत होती, तरी खात्री हवी होती म्हणून आकार जसाच्या तसा वहीत काढला आणि नक्कल मागितली.

नक्कल २४ सप्टेंबरला मिळाली, घट बसल्यानंतर दोन दिवसांनी. त्या दिवशी आत्या हट्टानं सोबत आली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. शिक्का मारलेली प्रत घेऊन आम्ही तिथूनच गुरुजींकडे गेलो. त्यांनी पानभर लिप्यंतर करून दिलं आणि ती दोन अक्षरं मोठ्यानं वाचली: भागी. नवरा आणि दोन वर्षांची लेक एकाच आठवड्यात गेल्यावर आठ वर्षांच्या पोराचं पालनपोषण आणि शेत दोन्ही जिनं धरून ठेवलं, कचेरीत वर्दी जिच्या नावानं पडली, तिचं नाव भागी. आत्यानं ते दोन-तीनदा उच्चारून पाहिलं.

खर्चाचं विचाराल तर स्टॅम्प, नकला, झेरॉक्स, एसटी आणि गुरुजींना पानामागे दिलेले ३०० रुपये धरून सगळं दोन हजारांच्या आत बसलं. गुरुजी घेत नव्हते, आग्रहानं दिले. मोडी वाचणाऱ्यांचं कष्टाचं काम आहे, ते फुकट करून घेऊ नये.

लिप्यंतराची प्रत तात्यांना नेऊन दिली, थोरल्या भावाच्या वंशावळीत भागी आणि तिची लेक दोघींना जागा केली. लेकीचं नाव नोंदीत नीट उठलेलं नाही, त्या पानाची नक्कल मागितली आहे आणि ती आली की गुरुजींना दाखवायची आहे. दुसरा एक प्रश्न अजून तसाच आहे. आमचं मूळ घर पुरात वाहून गेलं म्हणून आम्ही या गावी आलो, असं घरात सांगतात. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरा आणि गिरणा यांना मोठा पूर आल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. तो हाच पूर असेल तर कागद हक्कनोंदणीच्या आधीचे, जमिनीच्या पाहणीच्या काळातले लागतील, आणि ते कदाचित धुळ्यात, कदाचित पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतील. पुण्याला जाण्याआधी पत्र पाठवून काय उपलब्ध आहे ते विचारते आहे. पत्रात गाव, काळ आणि कागदाचा प्रकार लिहिला आहे, घराण्याचं नाव सगळ्यात शेवटी.